पाळीतला व्यायाम: कळा येत असताना काय करावं, किती करावं, कुठे थांबावं

पाळीत व्यायाम केलेला चालतो. प्रकृती एरवी ठीक असेल तर त्याने गर्भाशयाला इजा होत नाही आणि पुढे मूल होण्यातही अडचण येत नाही. इतकं सांगून मात्र फारसं काही साधत नाही. पहिल्या दिवशी सकाळी ओटीपोटात कळ येते, कंबर धरते, मांड्या भरून येतात. तेव्हा डोक्यात प्रश्न असतो तो वेगळाच. आज नक्की काय करू, किती करू आणि केव्हा थांबू? ज्यांनी व्यायाम नुकताच सुरू केलाय, किंवा पाळी आली की चार दिवस सगळं बंद ठेवायची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पुढचं वाचण्याआधी एक अपेक्षा नीट करून घ्या. पाळीच्या दिवशी केलेल्या व्यायामाने त्या दिवशीची कळ थोडी हलकी होऊ शकते, कधी होतही नाही. कळांचा जोर कमी करणारा व्यायाम होतो तो मधल्या तीन आठवड्यांत, पाळी नसताना. त्यामुळे दुखायला लागल्यावरच चटई उलगडली तर निराशा ठरलेली.

दुखतं कशामुळे

गर्भाशय हा स्नायूंचा अवयव आहे. त्या महिन्यात गर्भधारणा झाली नाही की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरते आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटू लागतं. सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. ती दोन कामं करतात: गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात. आकुंचन जोराचं असलं की स्नायूचा रक्तपुरवठा काही क्षण तुटतो, प्राणवायू कमी पडतो आणि स्नायू ठणकतो. रात्री पोटरीत गोळा आल्यावर जी कासावीस होते, त्याच जातीचं हे दुखणं आहे. फक्त इथे पाय झटकून मोकळं होता येत नाही.

हीच रसायनं आतड्यांवरही परिणाम करतात. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी जुलाब होतात, मळमळतं, डोकं दुखतं. कंबर आणि मांड्या का दुखतात याचं कारण मज्जातंतूंमध्ये आहे. गर्भाशयाकडून येणाऱ्या वेदनेच्या संवेदना मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथेच कंबर आणि मांड्यांच्या वरच्या भागाच्याही पोचतात, आणि मेंदूला नेमकी जागा उमगत नाही. ज्यांना जास्त दुखतं त्यांच्या पाळीच्या स्रावात प्रोस्टाग्लँडिनचं प्रमाणही जास्त आढळतं. तेव्हा ‘सगळ्यांनाच होतं, हिचंच काय कौतुक’ असं कुणी म्हणालं तर ते सरळ चूक आहे.

या रसायनांचा जोर पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणून साधं पाळीचं दुखणं रक्तस्राव सुरू होताना किंवा त्याच्या थोडं आधी सुरू होतं आणि साधारण ८ ते ७२ तासांत ओसरतं. याच्या मागे कुठलाही आजार नसतो. दुसरा प्रकार मात्र आजारामुळे होणाऱ्या दुखण्याचा: एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं), गर्भाशयातल्या गाठी म्हणजे फायब्रॉइड, ॲडेनोमायोसिस (तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), ओटीपोटातला जंतुसंसर्ग. त्यात व्यायामाचा आधार होतो, पण तो इलाज नव्हे. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा ते शेवटच्या पायरीत सांगते.

पायरी १: दोन पाळ्यांची नोंद ठेवा

व्यायामाचं वेळापत्रक करण्याआधी स्वतःची पाळी ओळखायला हवी. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला, असं धरून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस मोजा. प्रौढ वयात २१ ते ३५ दिवसांचं चक्र सर्वसाधारण मानतात. पाळी सुरू होऊन थोडीच वर्षं झालेल्या मुलींमध्ये ते ४५ दिवसांपर्यंतही जातं. रोज एक ओळ पुरते: दुखणं शून्य ते दहामध्ये किती, किती पॅड बदलले, झोप कशी झाली, गोळी घेतली का, काय व्यायाम केला.

दोन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. कुणाला पहिला दिवसच जड जातो, कुणाला पाळीच्या आदल्या संध्याकाळी सर्वात वाईट वाटतं, कुणाला तिसऱ्या दिवशी एकदम मोकळं होतं. ज्या दिवशी तुम्हाला हमखास त्रास होतो तिथे अवघड व्यायाम ठेवायचाच नाही, इतका सोपा उपयोग आहे या नोंदीचा. २०१९ चा विश्वचषक जिंकलेल्या अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने खेळाडूंच्या पाळीची नोंद ठेवून सराव, झोप आणि आहार त्याप्रमाणे आखला होता. तुमच्या-माझ्यासाठी वही पुरेशी आहे. ॲप वापरत असाल तर त्याने सांगितलेली पुढची तारीख हा अंदाज समजा, आणि तुमची माहिती ते कुणाला देतं हेही एकदा वाचून घ्या.

पायरी २: मधल्या तीन आठवड्यांत पाया घाला

खरं काम इथे आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये पाळीच्या कळा आणि व्यायाम यांवरचे १२ प्रयोग एकत्र करून पाहिले. त्यांत ८५४ स्त्रिया होत्या. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं काहीच न करणाऱ्यांपेक्षा १०० पैकी सुमारे २५ गुणांनी कमी भरलं. हा फरक छोटा नाही. ज्या बाईचं दुखणं ७० वर असतं ती ४५ च्या आसपास येते, म्हणजे अंथरुणात पडून राहण्याऐवजी कामाला जाऊ शकते. त्या प्रयोगांचा दर्जा फारसा भक्कम नव्हता, हेही त्याच अहवालात स्पष्ट लिहिलंय. पण व्यायामाचे बाकीचे फायदे धरले आणि तोटा जवळपास काहीच नाही हे पाहिलं, तर करून बघायला हरकत कसली?

मला त्या अहवालातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. योगासनं, ताण देण्याचे व्यायाम अशा हलक्या प्रकारांचा आणि एरोबिक्स, झुंबा अशा दमवणाऱ्या प्रकारांचा, दोन्हींचा उपयोग दिसला. म्हणजे अमुकच व्यायाम हवा असं नाही. जो तुम्हाला आवडतो, जो पुढच्या आठवड्यातही कराल, तो निवडा.

सुरुवात ४५ मिनिटांनी करू नका. पहिल्या आठवड्यात दिवसाआड १५ ते २० मिनिटं चाला. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. साधारण दीड महिन्यात ४५ मिनिटांवर पोचाल, तेही अंग न दुखता. मग आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून पुश-अप, पाठीवर झोपून कंबर उचलणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. तीन दिवस ४५ मिनिटं आणि मध्ये एखादा छोटा फेरफटका इतकंच गणित आहे ते.

फरक पहिल्याच महिन्यात दिसेल असं नाही. दोन-तीन पाळ्या जाऊ द्या, मग वही उघडून जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी ठेवा. एक पाळी चांगली गेली म्हणून हुरळून जाऊ नका आणि एक वाईट गेली म्हणून सोडूनही देऊ नका. आणि पाळीतल्या दोन दिवसांच्या सुट्टीमुळे केलेली मेहनत वाया जात नाही. तितक्यात ना ताकद घटते ना दम.

पायरी ३: गळतीची भीती आधी मिटवा

पाळीत व्यायाम टाळण्याचं खरं कारण पुष्कळदा दुखणं नसतं, डाग लागेल ही धास्ती असते. ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. विम्बल्डनने २०२३ पासून पांढऱ्या पोशाखाखाली गडद रंगाची आखूड पँट घालायची परवानगी दिली, ती महिला खेळाडूंची हीच चिंता ओळखून.

चालणं, आसनं, हलका व्यायाम यांना पॅड चालतो. व्यायामाला निघण्याआधी नवा लावा. घाम आणि घासणं यांमुळे मांड्या सोलवटतात, म्हणून परतल्यावर लगेच बदला. धावणं, उड्या, सायकल यांत पॅड सरकतो. तिथे टॅम्पॉन (योनीत ठेवायची शोषक सुरळी) किंवा मेन्स्ट्रुअल कप (योनीत बसवायचा, स्राव साठवणारा मऊ पेला) सोयीचा पडतो. टॅम्पॉन दर चार ते आठ तासांनी बदलायलाच हवा, आठ तासांच्या वर ठेवू नये. जास्त वेळ ठेवल्याने टॉक्सिक शॉक सिंड्रोमचा, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या आजाराचा, धोका वाढतो; तो दुर्मीळ असला तरी जिवावर बेतू शकतो. कप बहुतेक बनावटींत बारा तासांपर्यंत राहतो, पण तो बसवायची सवय व्हायला दोन-तीन पाळ्या लागतात. म्हणून पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी घरात करा, व्यायामाच्या वर्गाला निघण्याआधी पाच मिनिटं नको. पाळीसाठीच्या शोषक चड्ड्याही मिळतात. कपाबरोबर दुसरा बंदोबस्त म्हणून त्या छान. वरून गडद, सैल कमरेची पँट. ओटीपोटावर घट्ट इलॅस्टिक आवळलं की फुगलेलं पोट आणखी त्रास देतं.

पोहायचं असेल तर पॅड उपयोगाचा नाही, तो पाणी पिऊन फुगतो. टॅम्पॉन किंवा कप वापरा. पाण्यात पाळी थांबते अशी समजूत आहे; पाण्याच्या दाबाने बाहेर येणारा स्राव कमी होतो इतकंच, आत तो चालूच असतो.

पायरी ४: त्या दिवशी सकाळी निर्णय घ्या

उठल्यावर दुखण्याला शून्य ते दहात आकडा द्या.

तीनपर्यंत असेल तर नेहमीचा व्यायाम करा. काहीच बदलायची गरज नाही, खरंच.

चार ते सहा असेल तर वेळ निम्मा, जोर निम्मा, आणि दहा मिनिटांचा नियम लावा. दहा मिनिटं सुरू तर करा. त्यानंतर दुखणं तेवढंच किंवा कमी असेल तर पुढे जा, वाढलं असेल तर थांबा. थांबलात तरी दहा मिनिटं झालीच.

सात किंवा वर असेल तर आज व्यायाम नाही. शेक, लागल्यास गोळी, पडून राहणं. संध्याकाळी हलकं वाटलं तर खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मारा, नाही मारल्या तरी बिघडत नाही. ताप, उलट्या, चक्कर किंवा भसाभसा रक्तस्राव असेल तर आकडा कितीही असो, आराम करा.

स्पर्धेतल्या खेळाडूंची उदाहरणं देऊन ‘त्या करतात मग तुम्हाला काय झालं’ असं म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफने २००२ मध्ये शिकागोत २ तास १७ मिनिटं १८ सेकंदांत मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला, तेव्हा तिला पाळीच्या कळा येत होत्या. आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनच्या रिले संघाचं पदक हुकलं तेव्हा जलतरणपटू फू युआनहुईने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की कालच पाळी आली, त्यामुळे फार थकवा जाणवतोय. दोघीही कसलेल्या, दोघींचं शरीर वेगळं. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी किंचित घटते असं अभ्यासांत दिसतं, पण या सरासरीत प्रत्येकीचा अनुभव बसत नाही. तुमची वही त्यापेक्षा खरी.

पायरी ५: कळा येत असतानाचा अर्धा तास

दुखण्याचा आकडा चार ते सहा असेल त्या दिवसासाठी हा क्रम. चटई, दोन उश्या आणि हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी एवढं जवळ ठेवा. पोट गच्च भरलेलं नको आणि रिकामंही नको. तासभर आधी थोडं काही खाल्लेलं बरं.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीला टेकवा. एक हात छातीवर, एक ओटीपोटावर. नाकाने श्वास घेताना खालचा हात वर उचलला जाऊ द्या. सोडताना घेतल्याच्या दुप्पट वेळ लावा. दोन-तीन मिनिटं हेच. हा भाग बऱ्याच जणी घाईने उरकतात आणि माझ्या मते सर्वात जास्त फरक इथेच पडतो. दुखताना आपण नकळत पोट, नितंब, जबडा आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरतो. गर्भाशयाचं आकुंचन आपल्या हातात नाही, पण त्याच्याभोवती आपण स्वतः वाढवलेला हा ताण सोडणं हातात आहे. श्वास आत येताना लघवीच्या वेळी सोडतो तसं खाली सैल सोडा. जबडाही सैल.

मग एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी घ्या, वीस-तीस सेकंद थांबा, बाजू बदला. नंतर दोन्ही गुडघे एकत्र धरून हळूच डावीकडे-उजवीकडे डोला. कंबर जमिनीवर चोळली जाते, तिथलं अवघडलेपण सुटतं.

आता गुडघे आणि तळहातांवर या. मार्जारासन: श्वास घेताना पाठ खाली, मान किंचित वर, सोडताना पाठ वर फुगवून मान आत. आठ-दहा वेळा, हळू. याच स्थितीत कमरेने छोटी वर्तुळं काढा, पाच एका दिशेने, पाच दुसऱ्या. बाहेरून बघणाऱ्याला गंमत वाटेल, पण कंबर धरली असताना याच्याइतकं सुख कशात नाही.

तिथूनच मागे बसून बालासन. गुडघे रुंद ठेवा, छाती आणि पोटाखाली उशी घ्या म्हणजे पोटावर मऊ दाब येतो. एक-दोन मिनिटं. गुडघे दुखत असतील तर दुसरी उशी टाचा आणि नितंबांच्या मध्ये.

मांड्या भरून आल्या असतील तर एक गुडघा टेकवून दुसरं पाऊल पुढे ठेवा आणि मागच्या मांडीच्या पुढच्या बाजूला ताण जाणवेपर्यंत कंबर पुढे सरकवा. तीस सेकंद, मग दुसरी बाजू. पोट आत आवळू नका.

यानंतर उठून दहा मिनिटं रमत चाला. खोलीत, गच्चीवर, रस्त्यावर, कुठेही. काहींना पडून-वाकून काही केलं की कळ वाढल्यासारखी वाटते आणि उभं राहून चाललं की बरं वाटतं. त्यांनी चालण्यापासून सुरुवात करावी आणि आसनं नंतर.

शेवटी सुप्त बद्धकोणासन: पाठीवर झोपून तळवे एकमेकांना जोडा, गुडघे बाजूंना सोडा, दोन्ही गुडघ्यांखाली उशीचा आधार. गरम पिशवी ओटीपोटावर. तीन ते पाच मिनिटं, किंवा डोळा लागला तर लागू द्या.

या दिवशी काय नको? जोरदार पोटाचे व्यायाम, म्हणजे क्रंच, लांब प्लँक, पाय उचलून धरणं. धोका काही नाही, पण कळ येणाऱ्या पोटावर ते त्रासदायक होतात. श्वास रोखून उचलायची भारी वजनं दोन दिवस पुढे ढकला किंवा वजन कमी करा. शीर्षासन, सर्वांगासन अशी उलटी आसनं पाळीत करू नयेत असं योगाचे अनेक शिक्षक सांगतात. त्याने इजा होते असा पुरावा नाही. थोडं रक्त उलट दिशेने बीजनलिकांतून ओटीपोटात जाणं बहुतेक स्त्रियांमध्ये उभ्या-बसल्याही होतं. पण नवख्या व्यक्तीने डोकं जड असताना तोल सांभाळायची कसरत करावी कशाला, म्हणून मीही नकोच म्हणेन.

तिसऱ्या दिवसापासून बहुतेकींना नेहमीच्या व्यायामावर परतता येतं. परतताना पहिला दिवस थोडा हलका ठेवा.

पायरी ६: शेक आणि गोळी

शेकाला घरगुती म्हणून कमी लेखू नका. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटावर सतत सुमारे ३९ अंश सेल्सिअसची ऊब देणारी पट्टी वापरली, आणि तिने आयब्युप्रोफेनच्या गोळीइतकाच आराम दिला. यात लक्षात घ्यायची गोष्ट आहे तापमान: ३९ अंश म्हणजे नुसतं कोमट, चटका देणारं नाही. पिशवीत उकळतं पाणी भरू नका, मध्ये कापड ठेवा, वीस मिनिटांनी त्वचा बघा. रोज तीव्र शेक घेतल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात आणि ते लवकर जात नाहीत. पिशवी ओटीपोटावर न मानवल्यास कमरेखाली घेऊन बघा.

गोळ्यांबद्दल दोन टोकाच्या समजुती असतात: घेऊच नये, किंवा असह्य झाल्याशिवाय घेऊ नये. दुसरीने जास्त नुकसान होतं. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. एकदा ती रसायनं तयार होऊन कामाला लागली की गोळीला उशीर झालेला असतो. म्हणून ज्यांना दर महिन्याला हमखास दुखतं त्यांनी रक्तस्राव किंवा दुखणं सुरू होताक्षणी पहिली गोळी घ्यावी आणि पहिले एक-दोन दिवस ठरल्या अंतराने घ्यावी, हे जास्त उपयोगी पडतं. काहीतरी खाऊनच घ्यावी, वेष्टनावरच्या मात्रेपेक्षा जास्त नाही, आणि यांतली दोन औषधं एकत्र तर कधीच नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपणाची शक्यता यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण प्रोस्टाग्लँडिनवर तिचा तितका जोर चालत नाही.

व्यायाम करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. या गोळ्या घेऊन उन्हात तास-दीड तास धावायला जाऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. गोळी घेऊन चालणं, आसनं, हलका व्यायाम ठीक; पाणी भरपूर प्या.

टेन्स नावाचं छोटं विजेचं यंत्रही मिळतं, त्वचेवर पट्ट्या चिकटवून वापरतात. पाळीच्या कळांसाठी त्याचा उपयोग दिसला आहे. ज्यांना गोळ्या चालत नाहीत त्यांनी डॉक्टरांशी बोलून विचार करावा. गर्भनिरोधक गोळ्या आणि संप्रेरक सोडणारी कॉपर-टीसारखी साधनं हाही वैद्यकीय मार्ग आहे. याउलट साध्या तांब्याच्या कॉपर-टीने काहींच्या कळा आणि रक्तस्राव वाढतो, हे बसवण्याआधीच विचारून घ्यावं.

पायरी ७: खाणं आणि लोह, थोडक्यात

पाळीत वेगळा आहार लागत नाही. पोटाला मानवेल ते थोडं थोडं खा. ज्यांना रक्तस्राव जास्त होतो त्यांनी लोहाकडे मात्र लक्ष द्यायला हवं. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर म्हणजे जास्त. जिना चढताना धाप लागते, व्यायामात पूर्वीइतकी ताकद राहत नाही, केस गळतात, असं होत असेल तर ‘स्टॅमिना कमी आहे’ म्हणत व्यायाम वाढवू नका. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या, कारण साठा आधी आटतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

पायरी ८: डॉक्टरांकडे केव्हा जायचं

लागोपाठ दोन किंवा जास्त तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या नाण्यापेक्षा मोठ्या रक्ताच्या गाठी पडत असतील, रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे जात असेल. गोळी वेळेवर घेऊनही शाळा, काम बुडत असेल. पाळी नसतानाही ओटीपोटात दुखत असेल, शौचाला, लघवीला किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल. वर्षानुवर्षं पाळी साधी होती आणि आता अचानक दुखू लागली, किंवा दर महिन्याला जोर वाढतच चालला. यांतलं काहीही असलं तरी तपासणी करून घ्या. ही चिन्हं दुसऱ्या प्रकारच्या, आजारामुळे होणाऱ्या दुखण्याची असू शकतात. एंडोमेट्रिओसिस प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना असतो आणि त्याचं निदान व्हायला बहुतेकींची बरीच वर्षं जातात, कारण आधी घरचे, मग त्या स्वतः आणि कधीकधी डॉक्टरही ‘पाळीत दुखायचंच’ म्हणून सोडून देतात. साध्या सोनोग्राफीत तो दिसला नाही म्हणून तो नाहीच असंही नसतं.

एकाच बाजूला अचानक असह्य कळ, ताप, बेशुद्ध पडणं, किंवा पाळी चुकल्यानंतर दुखून रक्तस्राव होणं, यांत थांबून वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नवशिक्यांना सहसा न सांगितली जाणारी एक खूण उलट दिशेची आहे. व्यायाम वाढला, खाणं कमी केलं आणि पाळीच यायची थांबली, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं वाटू शकतं. शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसली की ते पाळी बंद करतं, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. तीन महिने पाळी आली नाही आणि गरोदर नसाल, तर व्यायाम कमी करा, खाणं वाढवा आणि डॉक्टरांना भेटा.

जाताना ती वही घेऊन जा. ‘खूप दुखतं’ यापेक्षा ‘गेल्या तीन पाळ्यांत पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी सात, गोळी घेतल्यावर दोन तासांत पाच, पहिल्या दिवशी नऊ पॅड’ हे वाक्य डॉक्टरांना लगेच कामाला लावतं. आणि विचारायचे प्रश्न आधीच तिच्यात लिहून ठेवा: माझं दुखणं कुठल्या प्रकारचं आहे, कोणती तपासणी लागेल, गोळी किती दिवस सलग घेऊ शकते, आणि मी सध्या करते त्यातला कुठला व्यायाम बदलायला हवा.